एरंडाचं गुऱ्हाळ : लंबगोल ट्रॅकवरच्या चिमुकल्या इंधन-गाड्यांची समीक्षा

ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही अशा लांबलचक उद्योगाला मराठीत ‘एरंडाचं गुऱ्हाळ’ म्हणतात. गुऱ्हाळात ऊस घालायचा असतो. एरंड घातला तर बैल फिरेल, चरक फिरेल, दिवसही सरेल, पण काहिलीत रस पडणार नाही. रेडिओ-कंट्रोलवर चालणाऱ्या, खऱ्या इंधनावर धावणाऱ्या छोट्या गाड्यांच्या लंबगोल ट्रॅकवरच्या शर्यती मी गेली काही वर्षं नेमाने पाहतो. त्या पाहताना घरच्यांपासून मित्रांपर्यंत प्रत्येकाने या ना त्या शब्दांत हाच आरोप केला आहे. गंमत अशी की आरोप अक्षरशः खरा आहे. या गाड्यांच्या नायट्रो इंधनात वंगण म्हणून एरंडेल तेल घातलेलं असतं.

हा लेख त्या शर्यतींची समीक्षा आहे. नियमांची माहिती देणं किंवा छंदाचा प्रचार करणं हा हेतू नाही. एखादा नाट्यप्रकार किंवा गायनप्रकार तपासावा तसा हा प्रकार तपासायचा आहे : त्याचा घाट कसला, तो काय साधतो, कुठे कमी पडतो. मी माहुलला राहतो, आणि इंधनाबद्दल लिहिणाऱ्याने आपला पत्ता सांगितलेला बरा. तो का, ते पुढे येईल.

वस्तू काय आहे

मूळ मोटारीच्या एक-अष्टमांश आकाराची, अडीच-तीन किलो वजनाची गाडी. तिच्यात साडेतीन सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे सिलिंडर अंगठ्याएवढा. ते मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेतं. इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. स्पार्क प्लग नसतो. त्याच्या जागी ग्लो प्लग असतो : प्लॅटिनमयुक्त तारेचं छोटं वेटोळं. सुरू करताना ते बॅटरीने तापवायचं. एकदा इंजिन लागलं की बॅटरी काढून घ्यायची, कारण पुढे ज्वलनाची उष्णता आणि प्लॅटिनमच्या सान्निध्यात होणारी मिथेनॉलची रासायनिक क्रिया तारेला लाल ठेवते. अमेरिकन रे आर्डन याने १९४७च्या सुमारास हा प्लग बाजारात आणला आणि छोट्या इंजिनांचं जग बदललं.

दुसरा वर्ग याहून मोठा, एक-चतुर्थांश आकाराचा. त्यात साधारण २३ ते २६ सीसीची, साध्या पेट्रोलवर चालणारी टू-स्ट्रोक इंजिनं असतात. गवत किंवा झुडपं कापायच्या यंत्रांत असतात त्याच कुळीतली. या गाड्या दहा-बारा किलोंच्या. अमेरिकेतल्या गावोगावच्या मातीच्या आणि डांबरी ओव्हल ट्रॅकवर जी मोठ्या मोटारींची शर्यत होते तिचीच ही प्रतिकृती. चालक गाडीत नसतो. सगळे चालक ट्रॅकच्या कडेला उंच मचाणावर ओळीने उभे असतात, हातात पिस्तुलाच्या आकाराचा ट्रान्समीटर. गाडी उलटली तर ती सरळ करायला कडेला ‘टर्न मार्शल’ उभे असतात. नायट्रो गाडीची टाकी १२५ मिलिलिटरची. ती काही मिनिटांत संपते, म्हणून अधूनमधून पिटमध्ये यायचं. तिथला सहकारी बाटली दाबून दोन-तीन सेकंदांत टाकी भरतो आणि गाडी परत सोडतो.

हा घाट रेडिओच्याही आधीचा आहे. १९३० आणि ४०च्या दशकांत अमेरिकेत इंजिनाच्या छोट्या गाड्या मधल्या खांबाला तारेने बांधून गोल फिरवत. त्यांना ‘टेदर कार’ म्हणतात. त्या आजही धावतात आणि ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातात. त्यांना वळवायची सोय नाही आणि गरजही नाही. मधे खांब, खांबाला दोर, दोराच्या टोकाला धावणारं काहीतरी : हे चित्र मराठी वाचकाला नवीन नाही. मळणीच्या खळ्यात मधे तिवडा असतो आणि त्याभोवती बैलांची पात फिरते. तेलाच्या घाण्याला झापडं लावलेला बैल फिरतो. रेडिओने दोर तोडला, पण गाडी फिरतेय गोलच.

गोल फिरण्यात काय आहे

आमच्या शेजारी एक काका राहतात. आयुष्यभर टॅक्सी चालवली. एकदा माझ्या फोनवर त्यांनी पूर्ण शर्यत पाहिली आणि विचारलं, “एवढं जाळून पोचले कुठं रे हे? होते तिथंच ना?” टॅक्सीवाल्याचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या धंद्यात फेरी म्हणजे कुठूनतरी कुठेतरी. पण हाच प्रश्न तबल्याला विचारला तर? सोळा मात्रा वाजवून तबलजी परत समेवर येतो. तो कुठेही पोचलेला नसतो, आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण आवर्तनात ऐकायचं काय हे आपल्याला माहीत असतं. ठेका तोच राहतो म्हणून त्यातला सूक्ष्म फरक ऐकू येतो.

ओव्हलचं तसंच आहे. डाव्या-उजव्या वळणांच्या ट्रॅकवर दर वळण नवं असतं आणि पाहणाऱ्याचं लक्ष रस्त्याकडे जातं. ओव्हलवर रस्त्यात पाहण्यासारखं काही नाही. दोन सरळ बाजू, दोन वळणं, सगळी डावीकडे. म्हणून लक्ष गाडीकडे जातं. पाचव्या फेरीला गाडी वळणात जिथे शिरली तिथेच विसाव्या फेरीलाही शिरते का? मागची चाकं किती सरकतात? आवाज सरळ बाजूच्या शेवटी कुठल्या सुरापर्यंत चढतो? मातीचा ट्रॅक असेल तर तो शर्यतीदरम्यान बदलत जातो. आतली माती घासून गुळगुळीत होते, पकड बाहेरच्या कडेला सरकते, आणि ज्या चालकाला हे आधी कळतं तो बाहेरून जाऊन पुढे निघतो. हे सगळं पुनरावृत्तीमुळेच दिसतं.

घाटाची दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ओव्हलची गाडी मुद्दाम वाकडी बांधलेली असते. उजव्या बाजूची चाकं डावीपेक्षा किंचित मोठ्या व्यासाची ठेवतात, त्याला ‘स्टॅगर’ म्हणतात. वजन डावीकडे जास्त टाकतात. अशी गाडी सपाट रस्त्यावर हात न लावता सोडली तर ती आपोआप डावीकडे ओढ घेते. सरळ जाणं हे तिच्यासाठी कष्टाचं काम असतं, वळणं हा तिचा स्वभाव. तिची सगळी अक्कल एका बंद आकारासाठी खर्च झालेली असते आणि त्या आकाराबाहेर ती निरुपयोगी ठरते. अनेक माणसं नोकरीत चाळीस वर्षं काढून निवृत्त होतात तेव्हा अशीच डावीकडे ओढ घेतात. हा खेळ हे काही सांगायला जात नाही, पण त्याच्या रचनेत ते आहे.

फिरण्याची दिशाही पाहा. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला ठेवतात. ओव्हलवर मधली मोकळी जागा डाव्या हाताला असते, म्हणजे ही अपसव्य फेरी. आणि मधे देवही नाही, खांबही नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १८८३पासून घोडे लंबगोलात धावताहेत. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’मध्ये मोटारसायकलवाले लाकडी फळ्यांच्या भिंतीवर गोल फिरतात. दोन्हीकडे फिरणाऱ्याचा जीव गाडीवर किंवा घोड्यावर असतो. इथे जीव मचाणावर सुरक्षित उभा असतो.

तर मग चालक काय करतो? मराठी समीक्षेत नटाच्या संदर्भात ‘परकायाप्रवेश’ हा शब्द फार वापरला गेला आणि वापरून वापरून गुळगुळीत झाला. इथे तो नेमका बसतो. गाडी आपल्यापासून दूर जात असते तेव्हा तिचं डावं ते आपलं डावं. समोरच्या बाजूने वळून ती आपल्याकडे येऊ लागली की तिचं डावं आपल्या उजवीकडे येतं. गाडी घसरली तर ती सावरायला दहाव्या हिश्शाच्या सेकंदात उलटा हात द्यावा लागतो. नवशिका इथेच चुकतो, कारण तो मचाणावरून विचार करतो. मुरलेला चालक आपलं शरीर मचाणावर सोडून गाडीत जाऊन बसलेला असतो. त्याचे खांदे वळणात डावीकडे झुकतात. त्याचा गाडीला काडीचा उपयोग नसतो, तरी झुकतात. या खेळातला सर्वात चांगला अभिनय मला त्या ओळीतल्या खांद्यांत दिसतो.

लहान काय होतं, काय होत नाही

रोलाँ बार्थने ‘मिथॉलॉजीज’मध्ये (१९५७) खेळण्यांवर टीका केली होती. त्याचं म्हणणं, आधुनिक खेळणी म्हणजे मोठ्यांच्या जगाची लहान आवृत्ती. मूल त्यातून निर्माता होत नाही, तयार जगाचा वापरकर्ता होतो. वरवर पाहता ही गाडी त्या टीकेत पुरेपूर सापडते. जाहिरातीचे रंग आणि प्रायोजकांची नावंसुद्धा खऱ्या गाडीसारखी चिकटवलेली असतात. पण ती वापरायला गेलात की टीका निसटते. नायट्रो गाडी नुसती वापरता येतच नाही. नवं इंजिन आधी ‘रन-इन’ करावं लागतं. कार्ब्युरेटरवरची सुई पिळून इंधन-हवेचं प्रमाण जुळवावं लागतं, आणि हवामान बदललं की पुन्हा. इंधन जास्त झालं तर इंजिन गुदमरतं, धूर ओकतं. कमी झालं तर काही काळ फार सुंदर चालतं, मग तापून जातं. सर्वात जास्त वेग आणि इंजिनाचा मृत्यू यांच्यात सुईचा किंचित फेर असतो. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात टाकी रिकामी होत आली की मिश्रण आपोआप बदलतं आणि आवाज चढतो. जाणकार प्रेक्षक त्या वेळी घड्याळ सोडून कान देतो. बॅटरीच्या गाड्या आज वेगात मागे नाहीत आणि देखभालीला सोप्या आहेत, तरी लोक नायट्रो सोडत नाहीत, त्याचं माझ्या मते हेच कारण. इथे यंत्राला प्रकृती असते, म्हणजे तब्येत या अर्थाने.

या प्रकारातला सर्वात पोकळ भाग म्हणजे ‘स्केल स्पीड’. एक-अष्टमांश गाडी ताशी शंभर किलोमीटर धावली की आठाने गुणून ‘म्हणजे आठशे’ असं अभिमानाने सांगतात. हे वाईट अलंकारशास्त्र आहे. लांबी आठपट कमी झाली की आकारमान आणि वजन ५१२ पटींनी कमी होतं. बाराशे किलोंची मोटार सव्वादोन-अडीच किलोंची होते. पण सेकंद लहान होत नाही आणि गुरुत्वाकर्षणही नाही. ताशी शंभरने जाणारी तीन किलोंची गाडी पायावर आदळली, तर साधारण तेरा मजल्यांवरून तेवढं वजन पडल्यासारखा तो आघात असतो. मार्शल उड्या मारून बाजूला होतात ते गंमत म्हणून नव्हे. प्रतिकृती म्हणजे सगळंच प्रमाणात लहान झालं, हा या छंदाचा लाडका भ्रम आहे, आणि आठाचा गुणाकार तो टिकवून धरतो. वजन लहान होतं. वेग, वेळ आणि मार लहान होत नाहीत.

आणि वास लहान होत नाही.

इंधनाचं काव्य

या शर्यतींविषयी जे प्रेमाने लिहिलं-बोललं जातं त्यात वासाचा उल्लेख हमखास येतो. जळलेल्या एरंडेलाचा गोडसर, दाट वास. एरंडेल इथे आलं ते कारणाने. खनिज तेल मिथेनॉलमध्ये विरघळत नाही, एरंडेल विरघळतं, आणि फार तापल्यावरही धातूवर पातळ थर धरून राहतं. ‘कॅस्ट्रॉल’ या नावातला ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडच. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांतही हेच तेल वापरत, आणि त्याचे तुषार श्वासावाटे पोटात जाऊन वैमानिकांना व्हायचं तेच व्हायचं, असं सांगतात. आपल्या आज्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नसतं. जगात सर्वात जास्त एरंड भारतात पिकतो, त्यातला बहुतेक गुजरातेत. म्हणजे परक्या मैदानावरच्या त्या सुगंधात आपला शेजारी बराच असतो.

मिथेनॉललाही इतिहास आहे. इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ओव्हलवर १९६४ साली पेट्रोलच्या आगीत दोन चालक मेले. त्यानंतर तिथे मिथेनॉल आलं आणि दोन हजारच्या दशकात इथेनॉल येईपर्यंत टिकलं. त्याची आग पाण्याने विझते हा फायदा. पण ती उजेडात जवळजवळ दिसत नाही. नायट्रोमिथेनचा न्याय आणखी वेगळा. किलोमागे त्यात पेट्रोलच्या जेमतेम पाव ऊर्जा. पण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेत ते कितीतरी जास्त प्रमाणात जाळता येतं. कमी कसाचं, पण भरपूर वाढलेलं जेवण.

हे सगळं मला रंजक वाटतं आणि ते सांगताना मलाही चव येते. पण इथेच माझी तक्रार सुरू होते. या प्रकाराच्या रसिकांनी इंधनाला मसाला करून टाकलं आहे : थोडा धूर, थोडा वास, थोडा कानठळ्या बसवणारा आवाज, म्हणजे ‘खरं’ वाटतं. टू-स्ट्रोक इंजिन इंधनाचा बराच भाग न जळताच बाहेर टाकतं. मिथेनॉल अर्धवट जळलं की फॉर्माल्डिहाइड तयार होतं. हे रसिकांना ठाऊक नसतं असं नाही, पण त्यांच्या कौतुकात ते येत नाही. मुंबईकराला मिथेनॉल हा शब्द उच्चारताना २०१५च्या जूनमधलं मालवणी आठवायला हवं. मालाडच्या त्या वस्तीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं मेली. द्रव्य तेच. एका ठिकाणी त्याचं वर्णन ‘स्वच्छ ज्वलन’ असं होतं, दुसऱ्या ठिकाणी ते पंचनाम्यात येतं.

आता पत्त्याकडे येतो. मी या शर्यती फोनवर पाहतो, त्यामुळे आवाज पडद्यातून येतो आणि वास येत नाही. वास खिडकीतून येतो, पण तो त्या गाड्यांचा नसतो. माहुल-तुर्भे पट्ट्यात १९५०च्या दशकात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, मग रसायनांच्या टाक्या आल्या. त्याआधीपासून इथे कोळ्यांचं गाव होतं आणि खाडी होती. खाडीच्या चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी अजून उतरतात. प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारतींची वसाहत उभी राहिली, आणि २०१७पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबं तिथे पाठवली गेली. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५मध्येच म्हटलं होतं. २०१९च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुणालाही सक्तीने माहुलला पाठवू नये, पर्यायी घर देता येत नसेल तर महिना पंधरा हजार रुपये भाडं द्यावं, असा आदेश दिला. तोवर पुष्कळ माणसं खोकत होती. काही अजूनही खोकतात.

चळवळीतल्या एका मैत्रिणीला मी हा विषय सांगितला तेव्हा ती म्हणाली, “तू माहुलला बसून धुराचं सौंदर्यशास्त्र लिहिणार?” हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, आणि त्याला दिली जाणारी नेहमीची दोन उत्तरं मला मान्य नाहीत. पहिलं उत्तर प्रमाणाचं : सव्वाशे मिलिलिटरची टाकी कुठे आणि तेलकंपन्यांच्या टाक्या कुठे. हिशोब बरोबर आहे, पण आपण आत्ताच पाहिलं की लहान म्हणून सगळं लहान होत नाही. ‘स्केल स्पीड’ला हसायचं आणि ‘स्केल धूर’ मात्र मान्य करायचा, हे जमायचं नाही. दुसरं उत्तर निरागसतेचं : खेळ तो खेळ, त्यात कारखाने कशाला आणता? पण इंधन हेच ज्या खेळाचं वैशिष्ट्य आहे, त्याच्या समीक्षेतून इंधन कुठून येतं हे वगळायचं, तर मग बॅटरीच्या गाड्याच बऱ्या.

माझं उत्तर सुईपाशी आहे. त्या मचाणावर जो उभा असतो त्यानेच सुई पिळलेली असते. किती इंधन, किती हवा, किती धूर हे त्याने ठरवलेलं असतं आणि तो धूर आधी त्याच्याच नाकात जातो. चुकला तर त्याचंच इंजिन जातं. शर्यत संपली की टाकी रिकामी करून, झाकण लावून तो घरी जातो. या प्रकारातलं जे सौंदर्य मी वर सांगितलं, यंत्राची तब्येत, तापण्याच्या काठावरचा आवाज, परकायाप्रवेश, ते सगळं या एका अटीवर उभं आहे : धूर घेणाऱ्याच्या हातात सुई असते. माहुलमध्ये ज्यांच्या नाकात वास जातो त्यांच्या हातात सुई नाही. त्यांना शर्यत संपल्याची शिटीही ऐकू येत नाही. वाईट वास आणि चांगला वास असा फरक इथे रसायनशास्त्र करत नाही, ही अट करते.

म्हणून या प्रकाराविषयी माझा निर्णय असा. घाट म्हणून लंबगोल शर्यत अस्सल आहे. पुनरावृत्तीतून सूक्ष्म पाहायला शिकवणारे प्रकार आपल्याकडे संगीतात आहेत, खेळांत कमी आहेत, आणि हा त्यातला चांगला आहे. ‘गोल गोल काय फिरायचं’ हा आक्षेप आळशी आहे. वेगाचा गुणाकार खोटा आहे आणि तो सोडून दिल्याने खेळाचं काही बिघडणार नाही. आणि धुराचं जे काव्य या छंदाभोवती जमलं आहे ते अपुरं आहे, कारण त्यात सुई धरणारा हात दिसतच नाही. तो दिसला तर या छंदाला त्याचं खरं वर्णन मिळेल, आणि माहुलमध्ये काय हिरावलं गेलं आहे हेही त्याच शब्दांत सांगता येईल.

टॅक्सीवाल्या काकांना मी यातलं थोडंफार सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ती सुई बाजारात केवढ्याला मिळते?” मी किंमत सांगितली. “मग स्वस्त आहे,” ते म्हणाले.